आधी माणूस बसवा, मग पाइप कापा

रेसिंग कारवर बोलायचं म्हटलं की समोरच्यांना इंजिनाबद्दल ऐकायचं असतं, टायरबद्दल ऐकायचं असतं. आज आम्ही त्यातलं फारसं काही सांगणार नाही. गाडीतली जी जागा कागदावर रिकामी दिसते, तिच्याबद्दल बोलणार आहोत. म्हणजे ड्रायव्हर जिथे बसतो ती जागा. वर्कशॉपमध्ये सगळे तिला कॉकपिटच म्हणतात, तेव्हा आपणही तोच शब्द वापरू.

सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो. आम्ही पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या टीमबरोबर काम करतो. विद्यार्थी वर्षभर खपून एका सीटची, उघड्या चाकांची छोटी रेसिंग कार बांधतात आणि कोईमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या स्पर्धेत घेऊन जातात. तिथे गाडी ट्रॅकवर उतरवण्याआधी कसून तपासणी होते. त्यातली एक चाचणी अशी की ड्रायव्हरने सूट, हातमोजे, हेल्मेट असं सगळं घालून बसायचं, पट्टे आवळायचे, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवायचे. परीक्षकांनी इशारा केला की पाच सेकंदांत गाडीच्या बाजूला दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहायचं. पाच सेकंद, बस्स.

आमच्या मुलाला पहिल्या खेपेला जवळजवळ आठ लागले. पट्टे झटकन सुटले, स्टीअरिंगही निघालं, पण उठताना गुडघा डॅशबोर्डच्या खालच्या कडेत अडकला. मुलगा सहा फुटी. कॉलेजात आम्ही सराव केला होता तो ठेंगण्या मुलाला बसवून, टी-शर्टवर, बिनहेल्मेटचा. ती रात्र डॅशबोर्ड कापण्यात गेली. दुसऱ्या दिवशी तो वेळेत बाहेर आला म्हणून निभावलं. पण खरं सांगायचं तर कापायचा नुसता डॅशबोर्ड होता म्हणून निभावलं. आड आलेला पाइप चासीचा असता, तर काहीच करता आलं नसतं. वेल्डिंग झालेल्या आणि कागदोपत्री मंजूर झालेल्या सांगाड्यातला पाइप आयत्या वेळी कापत नाहीत.

हे घडलं कसं? डिझाइनच्या क्रमामुळे. आधी चाकं कुठे ते ठरलं, मग सस्पेन्शनचे बिंदू, मग इंजिन, मग त्या सगळ्यांना जोडणारे पाइप. शेवटी जी पोकळी उरली तिच्यात ड्रायव्हर. कॉम्प्युटरवर तो छान बसला होता. कॉम्प्युटरवरचा माणूस 'आई गं' म्हणत नाही, हा त्याचा मोठा दोष.

म्हणून नियमावलीत एक सोपी युक्ती केली आहे. या जातीच्या स्पर्धा मूळच्या अमेरिकेतल्या फॉर्म्युला एसएईच्या वळणाने चालतात, आणि तिथे एक कागदी माणूस आहे. मुलं त्याला पर्सी म्हणतात. तीन वर्तुळं आणि दोन रेषा, एवढाच त्याचा देह. खालचं वर्तुळ २०० मिलिमीटर व्यासाचं, ते ढुंगण. मधलंही २००चं, ते खांदे. वरचं ३००चं, ते हेल्मेटसकट डोकं. खालच्या आणि मधल्या केंद्रांत ४९० मिलिमीटर, मधल्या आणि वरच्या केंद्रांत २८०. हे माप शंभरातल्या पंच्याण्णव पुरुषांना सामावून घेईल असं धरलेलं आहे. पर्सीला सीटवर बसवायचं तेव्हा खालच्या वर्तुळाच्या केंद्रापासून पेडलपर्यंत किमान ९१५ मिलिमीटर मिळायला हवेत. आणि हेल्मेटचा माथा दोन्ही हूपच्या माथ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या निदान ५० मिलिमीटर खाली राहायला हवा. हूप म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागची आणि स्टीअरिंगपुढची अशा दोन कमानी. गाडी उलटली तर जमिनीला आधी त्या लागाव्यात, डोकं नाही, हा उद्देश. उलटं लटकताना पट्टे ताणले जातात, माणूस सीटवरून थोडा सुटतो, म्हणून ते ५० मिलिमीटर. हे आकडे पाठ करू नका, ज्या वर्षी गाडी बांधाल त्या वर्षीची नियमावली उघडा.

पण पर्सी बसला म्हणजे माणूस बसला असं नाही. पर्सीला हात नाहीत, गुडघे नाहीत, बूट नाहीत.

इथे एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९५०च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाने चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली. विमानाची कॉकपिट 'सरासरी' वैमानिकासाठी बांधायची, असा विचार होता. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्यातली दहा मापं घेतली आणि तपासलं, की या दहाही मापांत सरासरीच्या आसपास असलेले किती जण आहेत? उत्तर आलं, शून्य. कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाची छाती रुंद तर कंबर बारीक. सरासरी माणूस अस्तित्वातच नव्हता. त्यातून सीट, पेडल आणि पट्टे कमी-जास्त करता यावेत हा आग्रह पुढे आला. आपल्याकडच्या शरीरमापांचं देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली काढलं. कॉलेजच्या ग्रंथालयात असेल तर जरूर चाळा, पण त्याआधी मोजपट्टी घेऊन आपल्या चार ड्रायव्हरांची मापं घ्या. बसून खांद्यापर्यंतची उंची, ढुंगणापासून गुडघ्यापर्यंतची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची, कोपरापासून मुठीपर्यंतची, आणि बूट घालून पावलाची. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि आम्ही ते पहिली तीन वर्षं केलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. 'सुरक्षित' आणि 'ऐसपैस' हे दोन शब्द आपण एका दमात म्हणतो, पण ते एकाच ठिकाणी लागू होत नाहीत. कॉकपिटमध्ये काही जागी माणूस घट्ट धरलेला हवा, इतका की त्याला हलताच येऊ नये. आणि काही जागी त्याला भरपूर मोकळीक हवी. घोळ होतो तो या दोन जागांची अदलाबदल झाली की. सीट ढगळ आणि कोपरं अडलेली, अशा गाड्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. आमचीही एक होती.

घट्ट कुठे? कंबर, पाठ, खांदे. का, ते आकड्यांत पाहू. या गाड्यांच्या नाकात आदळल्यावर चुरा होणारा एक भाग असतो. ३०० किलोची गाडी सेकंदाला ७ मीटर वेगाने भिंतीवर गेली, तर सरासरी धक्का २० जीपेक्षा जास्त बसता कामा नये, अशी त्याची कसोटी. सेकंदाला ७ मीटर म्हणजे ताशी जेमतेम २५ किलोमीटर. लक्ष्मी रोडला रिक्षा पळते तेवढा वेग. आणि २० जी म्हणजे ७० किलोच्या माणसाला पुढे फेकणारं बल १,४०० किलोच्या वजनाइतकं. हे बल पट्ट्यांनी झेलायचं आहे, आणि पट्ट्यांनी ते शरीराच्या कुठल्या भागावर टाकायचं हे डिझाइन करणाऱ्याने ठरवायचं आहे.

कमरेवर दोन्ही हात ठेवून बोटांनी चाचपलंत तर पुढच्या बाजूला हाडाची दोन टोकं लागतात. कमरेचा पट्टा त्या हाडांच्या खाली, हाडांना धरून बसायला हवा. तो वर सरकून पोटावर आला तर पोटात हाड नाही, नुसते अवयव आहेत. धक्क्यात माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो, आणि पट्टा पोटात रुततो. म्हणून मांड्यांमधून जाणारे पट्टे, म्हणून सीटच्या पुढच्या भागाला मांड्यांखाली उंचवटा, म्हणून पट्ट्याचा कोन ठरवून दिलेला. सरळ बसणाऱ्याला जमिनीशी साधारण ४५ ते ६५ अंश, रेलून बसणाऱ्याला ६० ते ८०. खांद्याचे पट्टे खांद्याच्या मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. आमच्या पहिल्या गाडीत ते मागे बरेच खाली बांधले होते, कारण तिथे पाइप आयता होता. असा पट्टा धक्क्यात माणसाला नुसता मागे धरत नाही, खांद्यांवरून खाली दाबतो, आणि तो दाब मणक्यावर जातो. तपासणीत ते पकडलं गेलं, बरं झालं.

पट्ट्यांनी धड धरलं, तरी डोकं मोकळंच राहतं. १९८१ साली अमेरिकेत एक ड्रायव्हर सराव करताना दगावला. त्याचा मित्र जिम डाउनिंग स्वतः रेसर होता, आणि त्याचे मेव्हणे रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीराच्या यांत्रिकीचे प्राध्यापक. धड थांबतं, डोकं पुढे जातं आणि कवटीचा तळ मानेपासून तुटतो, हे त्या दोघांनी ओळखलं. त्यांनी खांद्यांवर बसणारी एक कॉलर केली, हेल्मेट दोन दोऱ्यांनी तिला बांधलं. हीच ती हान्स. लोकांनी बरीच वर्षं ती घातली नाही. अवघडल्यासारखं होतं, मान वळत नाही, ही तक्रार. फेब्रुवारी २००१मध्ये डेटोनाला डेल अर्नहार्ट याच इजेने गेले, त्यानंतर चित्र बदललं. फॉर्म्युला वनने २००३पासून ती सक्तीची केली. त्याच वर्षी मलेशियात जस्टिन विल्सन या उंच ड्रायव्हरची हान्स शर्यतीत सरकली आणि हातांतली ताकदच गेली, त्याला गाडी सोडावी लागली. म्हणजे सुरक्षेची वस्तू चांगली असली तरी तिच्यासाठी खांद्यामागे जागा हवी, सीट तिच्यासकट मापायला हवी.

मोकळीक कुठे हवी? कोपरांना, मुठींना, गुडघ्यांना आणि पावलांना. आमच्या स्पर्धेतली वळणं आखूड असतात, स्टीअरिंग बरंच फिरवावं लागतं. हात जागेवरून न उचलता ते फिरवलं की एक कोपर खाली बरगडीशी येतं आणि दुसरं वर बाहेर जातं. ते बाहेर गेलेलं कोपर चासीच्या पाइपवर आपटतं. दोन-तीन फेऱ्यांत ड्रायव्हर नकळत वळण लवकर सोडू लागतो, वेळ वाढतो, आणि टीम सस्पेन्शनला दोष देत बसते. आम्ही दोन आठवडे पुढच्या स्प्रिंगा बदलत होतो. मग एका मुलीने ड्रायव्हरच्या बाह्या वर करायला लावल्या. उजवं कोपर काळंनिळं.

फॉर्म्युला वनमध्येही असं होतं, हे ऐकून तेव्हा जरा धीर आला. १९९५ साली नायजेल मॅन्सेल, माजी विश्वविजेता, मॅक्लारेनमध्ये गेला आणि गाडीत मावेना. पहिल्या दोन शर्यती त्याला सोडाव्या लागल्या, त्याच्या जागी मार्क ब्लंडेल धावला. मॅक्लारेनने रुंद चासी बांधून दिली, पण मॅन्सेल दोन शर्यती धावला आणि सोडून गेला. तिथे पैसा होता म्हणून नवी चासी झाली. आपल्याकडे होत नाही.

मग कॉकपिट सरळ मोठीच का करत नाहीत? कारण माणूस जड आहे. आमची गाडी २३० किलो, ड्रायव्हर ७० धरा. एकूण वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा हा एकच 'पार्ट' आहे. तो ३० मिलिमीटर खाली बसवला तर सगळ्या गाडीचा गुरुत्वमध्य सात मिलिमीटर खाली येतो. इतकं खाली आणायला इतर ठिकाणी महिने घालवावे लागतात. म्हणून सगळ्यांना ड्रायव्हर रेलून, खाली, अरुंद खाचेत हवा असतो. हा मोह रास्त आहे. पण रेललं की नजर आखूड होते, पुढच्या चाकाजवळचा शंकू दिसत नाही, आणि मान सतत पुढे ओढून धरावी लागते. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलोच्या घरात, वळणात दीड जी लागला तर नऊ किलो बाजूला ओढतात. आमचं मत विचाराल तर विद्यार्थ्यांच्या गाडीत जरा सरळच बसवावं. दोन मिलिमीटर गुरुत्वमध्यापेक्षा शंकू दिसणं जास्त मोलाचं.

तेव्हा आता आम्ही काय करतो? चासीचा एकही पाइप कापायच्या आधी लाकडी सांगाडा करतो. भंगारातलं प्लायवूड, थोडे पीव्हीसी पाइप, जुनं स्टीअरिंग, फळीवर बसवलेले पेडल. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत ठेंगणा, दोघांना पूर्ण पोशाखात बसवतो. नुसतं पाच मिनिटं नाही, वीस-पंचवीस मिनिटं. कारण बधिर होणारी मांडी पहिल्या पाच मिनिटांत बोलत नाही. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायला लावतो आणि कोपरं, मुठी, गुडघे जिथे लागतील तिथे खडूने खूण करतो. पेडल पूर्ण दाबल्यावर बुटाचं नाक कुठे जातं तेही पाहतो. त्या खुणांच्या बाहेरून पाइप काढायचे. सस्पेन्शनवाल्यांची कुरकुर होते, होऊ द्यावी.

सीटसाठी दोन द्रव मिसळले की फुगणारा फोम येतो. सीटच्या जागी मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी पसरायची, त्यावर ड्रायव्हरला सूट घालून बसवायचं आणि फोम पिशवीत ओतायचा. तो फुगून पाठीचा, कमरेचा अचूक साचा घेतो. इथे दोन चुका आम्ही केल्या, तुम्ही करू नका. एक, सगळा फोम एकदम ओतला. तो फुगताना तापतो. आमचा ड्रायव्हर ओरडत उठला आणि साचा गेला. थोडा थोडा, दोन-तीन थरांत ओतावा, हातमोजे घालून, हवेशीर जागेत. दुसरी, ड्रायव्हर नेहमीसारखा आरामात, पाठीला पोक काढून बसला, आणि तेच पोक सीटमध्ये कायमचं उतरलं. ढुंगण मागे टेकवून, पट्टे आवळून, हात स्टीअरिंगवर ठेवूनच बसवायचं. फोम सुकल्यावर आग न धरणाऱ्या कापडाचं आवरण हवंच. आणि सीटची पाठ भक्कम हवी. ब्रेक पेडल २,००० न्यूटन सोसणारं असावं लागतं, म्हणजे सुमारे २०० किलोचा दाब. घाबरलेला माणूस पाय मारतो तेव्हा तेवढाच जोर पाठीला मागे लागतो. पाठ वाकली की ब्रेक तेवढा कमी लागतो.

आता पुन्हा त्या पाच सेकंदांकडे. नोव्हेंबर २०२०मध्ये बहारीनला रोमां ग्रोझाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. डोक्यावरच्या हॅलोने कठडा अडवला, हे सगळ्यांनी पाहिलं. पण तो आगीत सुमारे २८ सेकंद होता. त्याचा डावा पाय अडकला होता. त्याने जोर लावून पाय बुटातून उपटून काढला आणि बूट आतच राहिला. हातांना भाजलं, पण जिवानिशी सुटला. आमच्या मुलांना आम्ही ही चित्रफीत आगीसाठी दाखवत नाही, त्या बुटासाठी दाखवतो. पेडलच्या आजूबाजूला लोंबती वायर, उघडा ब्रॅकेट, बाहेर आलेला बोल्ट, काही म्हणजे काही असू नये, हे त्यातून पटतं.

बाहेर पडण्याचा सराव आता आठवड्यातून एकदा असतो. क्रम ठरलेला. इंजिन बंद करायचं बटण, स्टीअरिंग, पट्ट्यांचं बकल, मग हात दोन्ही बाजूंच्या पाइपवर, ढुंगण वर आणि एका बाजूने बाहेर. दंडांना बांधलेले जे पट्टे गाडी उलटल्यावर हात बाहेर जाऊ देत नाहीत, ते बकलमध्येच ओवलेले असावेत, म्हणजे वेगळे सोडावे लागत नाहीत. स्टीअरिंग कुठे टाकायचं तेसुद्धा ठरवा. आमच्या एकाने ते मांडीवरच ठेवलं आणि स्वतःच त्यात अडकला.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, तो घेऊन थांबतो. 'उंच ड्रायव्हरसाठी जागा केली तर ठेंगण्याने काय करायचं? पाठीमागे उशी लावली तर चालेल का?' नाही, ती उशीच नको. आमच्या टीममध्ये पाच फूट उंचीची एक मुलगी चालवते, आणि तिला आम्ही एकदा तशी उशी दिली होती. सुट्टी, मऊ उशी धक्क्यात दबते. जेवढी दबते तेवढे पट्टे सैल पडतात, आणि घट्ट आवळलेले पट्टे ऐन वेळी ढिले होतात. तिने स्वतःच सांगितलं, की ब्रेक दाबला की मीच मागे जाते, गाडी थांबत नाही. मग तिच्या मापाचा वेगळा फोमचा साचा केला, जो सीटच्या खोबणीत घट्ट बसतो, आणि पेडलची पूर्ण चौकट दोन रुळांवर बसवली. रुळांना दर २५ मिलिमीटरवर भोकं. दोन पिना काढायच्या, चौकट मागे ओढायची, पिना परत घालायच्या. ड्रायव्हर बदलताना हे काम आता एक मिनिटाच्या आत होतं. पण पेडल मागे आणल्यावर तिची टाच टेकायची जागाही मागे यायला हवी, हे आमच्या लक्षात पहिल्या दिवशी आलं नव्हतं. टाचेची पट्टी जमिनीला नाही, त्या चौकटीलाच जोडा.